पुरावा कोणी द्यायचा?

आमच्या अमडापुरात फौजेतून परतलेल्या माणसाला नावाने कोणी हाक मारीत नाही. तो 'फौजी' होतो आणि मरेपर्यंत फौजीच राहतो. असे एक फौजीदादा माझ्या घरापासून चौथ्या घरात राहतात. रात्री गाव निजले, चिखली-खामगाव रस्त्यावरची वाहने विरळ झाली, की त्यांचा खोकला ऐकू येऊ लागतो. नवखा पाहुणा दचकून विचारतो, "कोण आजारी आहे हो?" आम्ही म्हणतो, "आजारी नाही, फौजी आहेत." हे उत्तर आम्ही इतकी वर्षे दिले, की त्यात काही चमत्कारिक आहे हेच आमच्या ध्यानातून गेले.

२००९ सालच्या दिवाळीनंतर एके संध्याकाळी फौजीदादा पत्र्याची पेटी घेऊन माझ्या ओसरीवर आले. मी तेव्हा नुकताच मास्तरकीला लागलो होतो, आणि गावात मास्तर म्हणजे अर्ज लिहून देणारा माणूस, हा समज अजून मोडलेला नाही. पेटीत गणपतीच्या एका जुन्या तसबिरीखाली कागद होते. त्यांतला एक काढून त्यांनी पुढे केला.

"काय लिवेल हाय गुरुजी याच्यात?"

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजीही तितकेच. शब्दकोश उघडून, दोनदा वाचून मी अर्थ लावला, तो असा : दुखणे नोकरीमुळे झालेले नाही, नोकरीने वाढलेलेही नाही.

ते १९९२ साली भरती झाले होते. छाती फुगवून, धावून दाखवून, डॉक्टरांपुढे उभे राहून घेतलेला तो गडी. पुढे सियाचिनवर दोन खेपा झाल्या. तिथे बर्फाच्या ठाण्यात सगळा प्राण रॉकेलवर. बर्फ वितळवून पाणी करायचे ते रॉकेलवर, अन्न शिजवायचे ते रॉकेलवर, आणि हातपाय गोठू नयेत म्हणून बुखारी पेटवायची तीही रॉकेलचीच. वारा आत येऊ नये म्हणून तंबू बंद, म्हणजे धूरही बाहेर जायचा नाही. सकाळी थुंकले की काजळीसारखे काळे पडे. तेव्हाच छातीने सूत धरले. २००१ साली श्वासनलिकांचे जुनाट दुखणे ठरवून त्यांना घरी पाठविले. नोकरी भरली नऊ वर्षे. निवृत्तिवेतनाला ती पुरेना. अपंगतेचे वेतन मिळाले असते, पण त्या एका ओळीने तेही नाकारले. आणि वेतन नाही म्हणून २००३ पासून माजी सैनिकांसाठी सुरू झालेल्या आरोग्य योजनेचे दारही बंद. कारण त्या दारात निवृत्तिवेतनाचा कागद दाखवावा लागतो. एका ओळीने माणसाचे पैसे गेले आणि औषधही गेले.

मी वाचून दाखविले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, धूर काय मी अमडापुरातून घेऊन गेलतो?"

मी अर्ज लिहून दिला. त्या अर्जाबद्दल पुढे सांगणारच आहे, कारण हा लेख लिहिण्याचे मूळ कारण तोच आहे. उत्तर आले ते आणखी एका ओळीचे : सेवेशी संबंध सिद्ध झालेला नाही, सबब विनंती अमान्य. फौजीदादांनी तो कागदही तसबिरीखाली ठेवला.

'सिद्ध झालेला नाही' हे शब्द मात्र माझ्या मनातून जाईनात. मला कादंबऱ्या लिहिण्याचा नाद आहे. एका सैनिकावर कादंबरी लिहावी म्हणून मी पुढची काही वर्षे मिळेल ते वाचीत गेलो. विष आणि शिपाई यांची गाठ प्रथम कोठे पडली, आणि त्या विषाचा पुरावा आजवर कोणी कोणाकडे मागितला, एवढेच मला पाहायचे होते. पाहता पाहता शंभर वर्षांचा इतिहास पुढे उभा राहिला.

त्याचा आरंभ बेल्जममधील ईप्र या गावाजवळ होतो. २२ एप्रिल १९१५ च्या संध्याकाळी जर्मन सैन्याने तिथे हजारो नळकांड्यांतून सुमारे १६८ टन क्लोरीन वाऱ्यावर सोडला. हिरवट-पिवळा ढग जमिनीलगत सरकत खंदकांत उतरला. हा वायू ओल्या फुप्फुसाला लागला की फुप्फुस आतून पाझरू लागते आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, हिंदी सैन्याचे लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर चालून गेले आणि त्याच्याही तोंडावर तो वायू आला. या डिव्हिजनबरोबर आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्या होत्या, आणि त्यांत मराठे शिपाई होते. मुखवटे कोणाजवळच नव्हते. ओला फडका नाकातोंडावर धरायचा, एवढाच उपाय. त्या काही दिवसांत डिव्हिजनचे जवळजवळ चार हजार लोक मेले, जखमी झाले वा नाहीसे झाले.

त्या दिवशी मीर दस्त नावाच्या पठाण जमादाराने आठ अधिकाऱ्यांना माऱ्यातून मागे आणले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ऑगस्टमध्ये ब्रायटनच्या राजवाड्यात, जिथे हिंदी जखमींसाठी इस्पितळ केले होते, बादशहा पंचम जॉर्जने स्वतःच्या हाताने ते पदक त्याच्या छातीवर लावले. मीर दस्तने बादशहापाशी काय मागितले? जहागीर नव्हे. एकदा जखमी झालेल्या शिपायाला पुन्हा आघाडीवर धाडू नये, एवढीच त्याची विनंती होती. पदक त्याच्या छातीवर बाहेरून चमकत होते. वायू आत होता, आणि त्याचा त्रास पुढेही राहिलाच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गोळीला तारीख असते. ती लागली की रक्त येते, साक्षीदार असतात, इस्पितळाच्या वहीत नोंद होते. तिचा वण म्हातारपणीही दाखविता येतो. विषाला तारीख नसते. ते आज अंगात शिरते आणि वीस वर्षांनी बोलू लागते. तोवर पलटण दुसरीकडे गेलेली असते, साहेब निवृत्त झालेला असतो आणि वही रद्दीत गेलेली असते. कचेरीचे घड्याळ आणि विषाचे घड्याळ कधीच जुळत नाही. सगळ्या भांडणाचे मूळ येथे आहे.

१९२५ साली जिनीव्हात विषारी वायूचा युद्धात वापर करू नये असा करार झाला. पण वायू बनवू नये, साठवू नये किंवा माणसावर लावून पाहू नये, असे त्यात कोठे म्हटले नव्हते. तेव्हा इंग्लंडमधील पोर्टन डाउन या सरकारी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ हिंदुस्थानात आले. रावळपिंडीच्या लष्करी ठाण्यात १९३० नंतरच्या वर्षांत सुरू झालेले त्यांचे प्रयोग दहा वर्षांहून अधिक काळ, म्हणजे दुसरे महायुद्ध पेटल्यावरही चालले. शेकडो हिंदी शिपायांना बंद खोलीत घालून त्यांच्यावर मोहरी-वायू सोडला गेला. अंगावर अर्धी चड्डी आणि सुती सदरा. गोऱ्या कातडीपेक्षा हिंदी कातडीला हा वायू अधिक भाजतो की कमी, रणांगणावर तो किती वापरावा, हे त्यांना मोजावयाचे होते. हा वायू लागताना फारसा जाणवत नाही. काही तासांनी फोड उठतात, डोळे सुजतात, श्वास कोंडतो. आणि पेशींच्या गाभ्यालाच तो इजा करीत असल्याने पुढे कित्येक वर्षांनी कर्करोगही होऊ शकतो. एका शिपायाचा मुखवटा सरकला आणि त्याचे डोळे व चेहरा भाजून निघाला, हीही नोंद त्यांनी करून ठेवली. मात्र हे शिपाई घरी गेल्यावर त्यांचे काय झाले, याची पाहणी त्यांनी केली नाही.

ही हकीकत लंडनच्या सरकारी दप्तरखान्यातून निघून वर्तमानपत्रात आली ती २००७ साली. म्हणजे पुरावा होता. नीट बांधून, शिक्का मारून ठेवलेला होता. फक्त तो शिपायाच्या पेटीत नव्हता, सरकारच्या कपाटात होता. हिंदुस्थानच्या कुठल्या खेड्यात एखादा म्हातारा खोकत असेल, त्याला कोणी म्हटले असेल, "सिद्ध कर". आणि ज्याच्यापाशी सिद्धता होती तोच ती मागत असेल! खुद्द पोर्टनमध्ये ज्यांच्यावर असे प्रयोग झाले, त्या विलायती सैनिकांपैकी ३६० जणांना २००८ साली ब्रिटिश सरकारने मिळून तीस लाख पौंड दिले. तेही चूक कबूल न करता. रावळपिंडीच्या खोलीतून बाहेर पडलेले बहुतेक शिपाई तोवर वर गेले असणार. तिथल्या कचेरीत पुरावा मागत नाहीत, अशी माझी समजूत आहे.

इटलीतील बारी बंदराची गोष्ट याहून बोलकी आहे. २ डिसेंबर १९४३ च्या रात्री जर्मन विमानांनी त्या बंदरावर बॉम्ब टाकले. तिथे उभ्या असलेल्या 'जॉन हार्वे' या अमेरिकन जहाजात मोहरी-वायूचे दोन हजार बॉम्ब होते, आणि ही गोष्ट इतकी गुप्त होती की इस्पितळातील डॉक्टरांनाही ठाऊक नव्हती. वायूने भिजलेल्या खलाशांना त्यांनी ओल्या कपड्यांनिशी घोंगड्यांत गुंडाळून ठेवले. ऊब मिळावी म्हणून केलेला तो उपाय घातक ठरला. सहाशेंहून अधिक लोकांना बाधा झाली, ऐंशीहून अधिक दगावले. स्टुअर्ट अलेक्झांडर नावाच्या अमेरिकन डॉक्टराने खरे कारण हुडकून काढले. पण ब्रिटिश कागदांवर चर्चिलच्या इच्छेप्रमाणे 'शत्रूच्या हल्ल्यात भाजून' असे लिहिले गेले. तेच ते, पुन्हा एक ओळ! त्याच सुमारास आपल्या मराठा पलटणी इटलीच्या चिखलात लढत होत्या. बारीच्या धक्क्यावर काय उतरविले जाते, हे त्यांतल्या शिपायाला कोण सांगणार?

आता अमेरिकेकडे वळू. कारण ही ओळ उलटी लिहिण्याचे काम पुढे तिथे झाले. तेही सुखासुखी झाले नाही. व्हिएतनामच्या युद्धात १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन विमानांनी जंगले वठविण्यासाठी सात कोटी लिटरांहून अधिक तणनाशक फवारले. त्यातले सर्वांत अधिक वापरलेले ते 'एजंट ऑरेंज'. पिंपावर नारिंगी पट्टा असे म्हणून हे नाव. त्यात डायॉक्सिन नावाचे जहाल विष मिसळलेले होते. घरी परतलेल्या सैनिकांना कर्करोग होऊ लागले. कचेरीचा प्रश्न ठरलेला : तुमच्याच अंगावर फवारा पडला, आणि त्यामुळेच हे झाले, कशावरून? सैनिकांनी कंपन्यांवर दावा केला; १९८४ साली अठरा कोटी डॉलरांवर तडजोड झाली. पण खरी गोष्ट घडली ती १९९१ च्या कायद्याने. त्याने म्हटले, की जो व्हिएतनामात होता त्याच्यावर विष पडले असे गृहीत धरावे, आणि ठराविक रोग त्याला झाले तर ते त्या विषानेच झाले असे समजावे. गृहीत धरावे! गणितात आम्ही मुलांना हा शब्द रोज शिकवितो. त्याने इतक्या माणसांची घरे वाचतील, हे तेव्हा मला सुचले नव्हते.

पुढे इराक आणि अफगाणिस्तान आले. इराकची ती भूमी मराठ्यांच्या ओळखीची. १९१५ च्या डिसेंबरापासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत कुतच्या वेढ्यात मराठा पलटणींचे शिपाई उपासमारीने झिजले होते. त्याच देशात, जवळजवळ नव्वद वर्षांनी, अमेरिकन तळांवर मोठमोठे खड्डे खणून त्यांत प्लास्टिक, रंग, बॅटऱ्या, औषधे, माणसांची घाण, सारे विमानाच्या इंधनावर जाळीत. बलद येथील खड्डा दहा एकरांचा होता. तो रात्रंदिवस धुमसे आणि शिपाई त्या धुरात जेवत, झोपत. परतल्यावर तेच दुखणे, तोच प्रश्न, तेच उत्तर. हेथ रॉबिन्सन नावाचा एक सार्जंट २०२० साली फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला. त्याच्या नावाने जो कायदा पुढे आला, तो २०२२ च्या जुलैअखेरीस सिनेटमध्ये अडकला. तेव्हा माजी सैनिक, काही तर प्राणवायूची नळी नाकाला लावून, संसदेच्या पायऱ्यांवर दिवसरात्र बसून राहिले. २ ऑगस्टला ८६ विरुद्ध ११ मतांनी तो संमत झाला आणि १० ऑगस्टला अध्यक्ष बायडन यांनी त्यावर सही केली.

त्या कायद्याने वीसहून अधिक रोग गृहीतांच्या यादीत घातले. इस्पितळाचे दार अधिक वर्षे उघडे ठेवले. आणखी एक गोष्ट केली, ती मला सर्वांत थोर वाटते. त्या आरोग्यखात्यात नाव असलेल्या प्रत्येक माजी सैनिकाला खात्यानेच होऊन विचारावयाचे, की बाबा, तुझ्यावर कसले विष पडले होते काय? शिपायाने दार ठोठवावयाचे नाही. दारानेच त्याला हाक मारावयाची.

मात्र अमेरिकेची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. व्हिएतनाममधील शेतकऱ्यांनी त्याच फवाऱ्याबद्दल दावा लावला, तो अमेरिकन न्यायालयाने २००५ साली फेटाळला. बलदच्या धुराखाली इराकी खेडीही होती. ती त्या कायद्यात नाहीत. आणि आपण तरी कोणाला हसावे? भोपाळच्या १९८४ च्या त्या रात्रीनंतर ज्यांच्या अंगात विष शिरले, त्यांनाच कागदासाठी वर्षानुवर्षे रांगेत उभे राहावे लागले. गृहीत धरण्याचे औदार्य बहुधा आपल्या अंगणापुरतेच असते.

तर मग आपल्या अंगणात काय आहे? मी इतके वाचले ते परक्यांचे, आणि घरचा कागद शेवटी पाहिला. पाहिला आणि चकित झालो. अमेरिकेच्या १९९१ च्या कायद्याआधी नऊ वर्षे, १९८२ साली, आपल्या सैनिकांच्या अपंगता-वेतनासंबंधी जे नियम झाले, त्यांत स्पष्ट म्हटले आहे : भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर दुखण्याची नोंद नाही, तो धडधाकट होता असे समजावे, पुढे दुखण्यामुळे त्याला काढले, तर ती हानी नोकरीनेच झाली असे धरावे. मागणाराने सिद्ध करावयाचे नाही. संशय असेल तर त्याचा फायदा त्याला द्यावा, आणि आघाडीवर राहिलेल्याला तो अधिक सढळ हाताने द्यावा.

इतका चांगला नियम! आणि तरीही वर्षानुवर्षे कागदांवर तीच ओळ उमटत राहिली. शेवटी धरमवीर सिंग नावाचा सिग्नल पलटणीचा एक शिपाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो १९८५ साली भरती झाला. अपस्माराचे झटके येऊ लागल्यामुळे १९९४ साली त्याला घरी पाठविले. नोकरी नऊ वर्षे. हा आकडा वाचताना मला चौथ्या घरातला खोकला ऐकू आला. न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी निकाल दिला, की नियमात लिहिले आहे तेच पाळा : हे दुखणे नोकरीने झालेले नाही असे म्हणावयाचे, तर भरतीच्या तपासणीत ते का दिसले नाही याची कारणे डॉक्टरांच्या मंडळाने द्यावीत. भार सरकारवर, शिपायावर नव्हे. २०२३ च्या सप्टेंबरात नवे नियम आले आहेत, ते त्यानंतर फौज सोडणारांसाठी. फौजीदादांचा कागद जुन्या नियमांतच बसतो.

आता त्या अर्जाची गोष्ट. २००९ साली मी काय लिहिले होते? त्याची नक्कल पेटीत होती. पुन्हा वाचली तेव्हा मान खाली गेली. 'अर्जदार अत्यंत गरीब असून त्याजवर दया व्हावी.' 'मायबाप सरकारने कृपादृष्टी ठेवावी.' दोन पाने भरून मी त्यांची गरिबी वर्णिली होती, आणि सियाचिनला एक वाक्य दिले होते. भरतीच्या तपासणीचा तर उल्लेखही नव्हता. नियम अस्तित्वात येऊन सत्तावीस वर्षे झाली होती, आणि गावातला लिहितावाचता माणूस त्यांच्यासाठी भीक मागत बसला होता. तो ज्या कचेरीत गेला तिचा दोष असेलच; पण पहिला दोष माझ्या लेखणीचा. कादंबरीकाराला करुणरस फार लवकर सुचतो. हक्काची भाषा त्याला मुद्दाम शिकावी लागते.

यंदा पोळा झाल्यावर मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. म्हटले, "दादा, पेटी काढा." तसबीर बाजूला ठेवून आम्ही एकेक कागद पाहिला. अगदी तळाशी, चौपदरी घडी घातलेला, कडा पिवळ्या पडलेला, भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागद निघाला. १९९२ साल. फुप्फुसांच्या रकान्यात डॉक्टरांनी लिहिले होते : निर्दोष.

फौजीदादांनी विचारले, "याचं काय काम पडते?"

मी म्हटले, "दादा, सगळं कामच याचं आहे. तुम्ही काही सिद्ध करायचं नाही. हा कागद दाखवायचा, आणि विचारायचं, की नेलात तेव्हा असा होता, परत केलात तेव्हा असा का?"

नवा अर्ज एका पानाचा झाला. त्यात दया हा शब्द नाही. तो गेला आहे; उत्तर यावयाचे आहे. मुंबईला लष्करी न्यायाधिकरण आहे, तिथवर जावे लागले तर जायचे, असे आम्ही ठरविले आहे. थकबाकी सगळी मिळणार नाही, हेही मी त्यांना सांगून ठेवले आहे. ते म्हणाले, पैशाचे पाहू, पण ती ओळ तेवढी खोडली पाहिजे.

शाळेत पहिले महायुद्ध शिकविताना मी आजवर ईप्रसाठी एक वाक्य खर्च करीत असे : 'या युद्धात विषारी वायूचा वापर झाला.' यंदा त्या तासाला फौजीदादांना वर्गात बोलावले. दहा मिनिटे बोलले असतील. मध्ये तीनदा थांबावे लागले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून त्यांना पाणी देऊन आला. मग त्यानेच विचारले, "गुरुजी, धूर यांनी तर नव्हता केला. मग यांनी कसं काय सिद्ध करायचं?"

रात्री गाव निजल्यावर खोकला अजून ऐकू येतो. परवा मुलीकडचे पाहुणे आले होते, त्यांनी विचारले, "कोण आजारी आहे हो?" मी म्हटले, "फौजी आहेत. आजारी आहेत."